सस्पेन्स खात्यातले आजोबा

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या शाखेत पेन्शनर मंडळींची जत्रा भरते. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यायचं असतं, आणि ते पटवून घेण्याचं काम सरकारनं माझ्यासारख्या कारकुनावर सोपवलेलं आहे. हयातीचा दाखला म्हणतात त्याला. समोर माणूस उभा असतो, खोकत असतो, पंख्याखालची खुर्ची मागत असतो, मागच्या तिमाहीच्या व्याजावरून माझ्याशी भांडतसुद्धा असतो. पण यातलं काहीही पुरावा म्हणून चालत नाही. फॉर्म लागतो. २०१४ पासून यंत्रावर अंगठा टेकवायची सोय झाली, तर कैक आजीबाईंच्या बोटांवरच्या रेषा भाकऱ्या थापून थापून केव्हाच झिजून गेलेल्या. यंत्र म्हणतं, जुळत नाही. आजीबाई माझ्याकडे बघतात, मी यंत्राकडे बघतो, आणि रांगेतला शेवटचा गृहस्थ घड्याळाकडे बघतो.

आमची आत्याही ह्याच रांगेत असते. वय सत्याऐंशी. भाचा बँकेत असला तरी ती रांग मोडत नाही, मात्र रांगेतूनच मला मोठ्यानं विचारते, "डबा खाल्लास का रे?" दोन वर्षांमागे तिचा फॉर्म भरून झाला, सही झाली, आणि उठता उठता ती म्हणाली,

"जिवंत आहे म्हणून लिहून घेता ते बरंच आहे. पण जो जिवंत आहे की गेला हेच कुणाला कळलं नाही, त्याचं काय करता रे तुम्ही?"

"असं कोण आहे आत्या?"

तिनं मागे वळून बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आपले मधले."

आता हे मधले कोण ते सांगायला हवं. आमच्या गडहिंग्लजच्या घरी सोप्यात वंशवृक्षाची एक तसबीर आहे. हौशी चित्रकारानं काढलेला वड, पारंब्या जरा जास्तच. त्यात वरून चौथ्या पायरीवर तीन भावांच्या तीन फांद्या. थोरल्यांच्या फांदीला पानंच पानं. धाकट्यांच्या, म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या, फांदीला जेमतेम पानं, त्यातलं अगदी शेंड्याचं सुकल्यासारखं दिसणारं पान मी. आणि मधल्या फांदीवर एकच पान, व्यवस्थित हिरवं रंगवलेलं, पण आत नाव नाही. लहानपणी मला वाटायचं, चित्रकाराची शाई संपली असेल. एकदा विचारलं तर आजोबांनी मला मागच्या अंगणात पाणी शेंदायला पाठवलं. आमच्या घरी अवघड प्रश्नाचं उत्तर म्हणून पाणी शेंदायला पाठवायची पद्धत होती. पाण्यावरूनच उत्तर होतं हे मला फार उशिरा कळलं. मधले काळ्या पाण्यावर गेले होते.

ते का गेले याच्या घरात निदान चार आवृत्त्या आहेत. थोरल्या फांदीकडचे म्हणतात, त्यांनी गोऱ्या साहेबाला मारलं. धाकट्या फांदीकडचे म्हणतात, साहेबाच्या घोड्याला मारलं. एका चुलत आजींच्या मते कुणालाच मारलं नाही, खोटा कागद केला. आत्या म्हणते, "गडावर होते, एवढं मात्र खरं."

गड म्हणजे सामानगड. गडहिंग्लजहून अगदी जवळ. आमच्या घराण्याकडे गडावरचा हजेरीपट आणि दाणागोट्याचा हिशोब होता म्हणतात. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत आमच्या घराण्याची प्रगती बेताचीच. तेव्हाही दुसऱ्याचं धान्य मोजत होतो, आता दुसऱ्याचे पैसे मोजतो.

१८४४ साली काय झालं ते शाळेच्या पुस्तकात नसतं, कारण शाळेच्या पुस्तकातलं बंड १८५७ ला सुरू होतं. कोल्हापूरचे महाराज तेव्हा अल्पवयीन. कंपनी सरकारनं दाजी कृष्ण पंडित नावाचे कारभारी नेमले. हे हिशोबाला कडक. गडकऱ्यांकडे, म्हणजे पिढ्यान्पिढ्या गड राखणाऱ्या लोकांकडे, चाकरीबद्दल जमिनी होत्या आणि त्यांचं ते आपलं आपण बघत. नव्या कारभाऱ्यांनी त्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली घातल्या. आज वाचताना हे साधं वाटतं. पण हेड ऑफिसचा एखादा नवा सर्क्युलर आला आणि बारा वर्षं बसत आलेल्या माणसाची खुर्ची खिडकीपासून दाराजवळ हलवली, तर शाखेत काय वातावरण होतं ते मी पाहिलेलं आहे. इथे तर खुर्ची नव्हती, गड होता. सामानगडच्या गडकऱ्यांनी त्या पावसाळ्यात गडाचे दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगड उठला, पन्हाळा उठला. कर्नल ओव्हान्स हा साताऱ्याचा रेसिडेंट त्या बाजूला फिरतीवर होता. बंडवाल्यांनी त्यालाच पकडून पन्हाळ्यावर कोंडलं. बेळगावहून कंपनीची फौज आली, तोफा आल्या. ऑक्टोबरात सामानगड पडला, १ डिसेंबरला पन्हाळा पडला, आणि लोण सावंतवाडीकडे सरकलं. बंड मोडल्यावर पुष्कळशा तटांना सुरुंग लागले. सामानगडावर गेलात तर कातळात कोरलेल्या विहिरी अजून दिसतील. विहिरीला सुरुंग लावून कंपनीला काय मिळणार होतं म्हणा.

मधल्यांना धरलं ते ह्याच धामधुमीत. पुढे समुद्रापार गेले ही बातमी आली तेव्हा थोरल्यांनी घटश्राद्ध घातलं. म्हणजे जित्या माणसाच्या नावानं पाण्याचा घडा पायानं लवंडून तो आपल्याला मेला असं जाहीर करायचं. जात वाचवायची तर तेव्हा दुसरा इलाज नव्हता. घरात लग्नाच्या मुली होत्या. त्या दिवसापासून मधल्यांचं नाव घ्यायचं नाही असा दंडक पडला. सुना येत गेल्या, मुली जात गेल्या, दंडक राहिला.

१९४७ नंतर मात्र भलतीच पंचाईत झाली. काळं पाणी ही नामुष्की होती, ती एकाएकी अब्रूची गोष्ट झाली. सावरकर बंधू जिथं गेले तिथं आपले मधले त्यांच्या साठ-पासष्ट वर्षं आधी जाऊन आले असतील, असं माझे काका उघड बोलू लागले. १९७२ साली स्वातंत्र्याची पंचविशी झाली, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट मिळाले, सन्मान पेन्शन सुरू झालं. काकांनी तडक मधल्यांच्या नावे अर्ज केला. नावाच्या जागी "मधले" असंच लिहिलं, कारण नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुठल्याशा कचेरीतून उत्तर आलं की अर्जदारानं तुरुंगवासाचा पुरावा किंवा सहबंद्यांचे दाखले जोडावेत. १८४४ चे सहबंदी! काका आठवडाभर उदास होते. मग म्हणाले, "एकही हयात नसेल असं धरून चालू."

आत्या त्या दिवशी पिशवी सावरत निघून गेली आणि मी टाळेबंदाला बसलो. पण डोक्यात मधले शिरले ते शिरले. मी कॉमर्सचा माणूस. मला इतिहास कळत नाही, पण जमाखर्च कळतो. एका खात्यातून काही गेलं तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ते आलंच पाहिजे; जगात नुसतं नावे असं काही नसतं, कुठे तरी जमा असतंच. कंपनी सरकार म्हणजे तर मुळात वाण्यांचं राज्य. त्यांनी माणूस पाठवला असेल तर पावती घेतल्याशिवाय पाठवला नसणार. तेव्हा मुंबईला नावे टाकलेले मधले जगात कुठे जमा झाले एवढंच शोधायचं होतं.

रजा टाकून मुंबईला गेलो. मुंबई सरकारचं जुनं दप्तर काळ्या घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथल्या मंडळींनी फार आपुलकीनं मदत केली. एकच प्रश्न त्यांनी असा विचारला की मी गडबडलो. "नाव काय?"

"माझं?"

"तुम्ही शोधताय त्यांचं."

म्हटलं, "नाव माहीत नाही. मधले म्हणतात."

ते गृहस्थ हसले नाहीत. ह्याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. न्याय खात्याचे त्या सालचे खंड त्यांनी माझ्यापुढे ठेवले आणि मी वाचायला बसलो.

कंपनीचे कारकून हा माझ्या आदराचा विषय झाला तो त्या चार दिवसांत. काय ते अक्षर! काय त्या सरळ ओळी! आणि नावांची काय ती दैना! आपल्या नावांचं स्पेलिंग त्यांनी कानाला येईल तसं केलेलं. कुलकर्ण्याचा कूलकर्नी, साताऱ्याचा सत्तारा, "वल्द" चा वुल्लुद. एकच माणूस अटकेच्या कागदात एक, फैसल्यात दुसरा आणि रवानगीच्या यादीत तिसरा. माझ्या बँकेत अशा तीन सह्या आल्या असत्या तर मी चेक परत केला असता.

पण माणूस ओळखायची त्यांची दुसरी तऱ्हा होती. रवानगीच्या कैद्याचा तक्ता असे. त्यात नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, गुन्हा, शिक्षा. बंगाल-मद्रासकडे तर कैद्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदवून काढत. १८४९ साली ते बंद झालं. अशा तक्त्यांतून मी मुंबई इलाख्यातले चोर, दरोडेखोर, खुनी, बंडवाले असे कितीक लोक डोळ्यांखालून घातले. कुणाच्या गालावर देवीचे वण, कुणाचा कान फाटलेला, कुणाच्या दंडावर मारुती. घरी कुणी यांची आठवण काढत असेल का, हा प्रश्न बँकेतल्या खातेदारांबद्दल मला कधी पडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ओळ सापडली. जात ब्राह्मण, मुलूख कोल्हापूर, वय २८, उंची ५ फूट ४ इंच, डाव्या भुवईवर व्रण, शिक्षा जन्मठेप काळे पाणी. उंची वाचून मी दचकलो. आमच्या घराण्यात कुणीही ५ फूट ४ इंचांच्या वर गेलेलं नाही. मी नावाच्या रकान्याकडे आलो आणि तिथे नेमका पाण्याचा डाग. जुना, कंपनीच्याच काळातला असावा. काळं पाणी ते अक्षरशः त्यांच्या नावावरूनच वाहून गेलेलं. डागाच्या कडेला शेवटची चार इंग्रजी अक्षरं तेवढी जगली होती. त्या कारकुनाच्या तऱ्हेनं ती वाचायची "पंत". पण इंग्रजी शब्द म्हणून वाचलं तर होतं पंट, म्हणजे सपाट बुडाची होडी. सगळं नाव बुडालं आणि होडी तेवढी तरंगत राहिली.

आणि गुन्ह्याच्या रकान्यात काय होतं? साहेब नव्हता, घोडा नव्हता, खोटा कागदही नव्हता. "टोळीने दरोडा."

मी वही मिटली आणि खाली जाऊन चहा प्यायलो. काकांना काय सांगायचं? काका आता नाहीत, पण ताम्रपटासाठी त्यांनी भिंतीवर मारून ठेवलेला खिळा अजून आहे. मग चहा पिता पिता सुचलं की उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिलं, राघोजी भांगऱ्यांना १८४८ साली ठाण्यात फाशी दिलं, आणि कंपनीच्या कागदांत हे दोघेही दरोडेखोरच आहेत. ज्याच्या हातात लेखणी तो खात्याला नाव देतो. आमच्याकडेही "संकीर्ण खर्च" ह्या नावाखाली काय काय जातं ते आम्हालाच ठाऊक. तेव्हा मधले गड लढवणारे होते की गडबडीत कुणाचं घर फोडणारे होते, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. दोन्ही असू शकतील. पगार थकलेल्या गडावरचा हिशोबनीस एखाद्या रात्री दोन्ही करू शकतो.

ठाण्याचा तुरुंग म्हणजे पोर्तुगिजांच्या हातचा जुना किल्ला. तिथून कैदी मुंबई बंदरात आणायचे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या व्यापारी जहाजावर चढवायचे. कप्तान माणशी भाडं घेई. खाली अफू, कापूस. वर साखळीला बांधलेली माणसं. आमच्या तक्त्यावर चाळीस जणांची नावं, मुक्काम सिंगापूर. पुढे काही महिन्यांनी सिंगापूरहून पोच आली होती, तीही त्याच खंडात टाचलेली. मिळाले, अडतीस. दोन वाटेत वारले. नावं दिलेली नाहीत.

झालं! चाळीस नावे, अडतीस जमा. कॅश दोननं कमी, आणि साहेबांनी सही करून बंद केलेली! आमच्याकडे दोन रुपये कमी आले तरी रात्री आठपर्यंत सगळी शाखा थांबते. इथे दोन माणसं कमी आली आणि कुणी थांबलं नाही. मी पुढचे दोन खंड उलटले, मागचा एक उलटला. ते दोघे कोण, हे कुठेही लिहिलेलं नाही. एक मधले असतील, किंवा नसतील. शिवाय सगळेच कैदी मुकाट जात नसत. १८५४ साली कलकत्त्याहून पिनांगला निघालेल्या "क्लॅरिसा" जहाजावर कैद्यांनी उठाव केला, कप्तानाला मारलं आणि जहाज ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला नेऊन आपटलं. तेव्हा "वाटेत वारले" म्हणजे नेमकं काय झालं हे कप्तानच जाणे.

आमच्याकडे सस्पेन्स खातं म्हणून एक खातं असतं. रक्कम आहे, पण कुणाची, कशाची ते कळत नाही, अशी रक्कम तिथे तात्पुरती ठेवायची. तपासनीस आले की पहिलं तेच उघडतात. मधले १८४५ पासून तिथे आहेत.

मधले त्या अडतिसांत होते असं धरलं, तर पुढचं थोडंफार जुळवता येतं. सिंगापुरात हिंदी कैदी १८२५ पासून नेत होते. तिथला कारभार मोठा मजेशीर. कैद्यांच्या सहा इयत्ता केलेल्या. चांगला वागला की वरच्या इयत्तेत, मग कैद्यांवर कैदीच मुकादम, आणि सगळ्यांत वरच्या इयत्तेतला परवाना घेऊन गावात राहायला मोकळा. रस्ते त्यांनी बांधले, जंगल त्यांनी तोडलं, वाघ माजले तेव्हा वाघ मारायलाही कैद्यांच्याच टोळ्या पाठवल्या. तिथलं सेंट अँड्र्यूजचं पांढरंशुभ्र चर्च १८५६ ते १८६१ ह्या काळात हिंदी कैद्यांनी उभारलं. त्याच्या भिंतींचा गिलावा कसा केला ठाऊक आहे? शिंपल्यांचा चुना, अंड्यातला पांढरा भाग आणि साखर; वर नारळाच्या सोडणांचं पाणी मारून घोटायचा. ज्यांच्यासाठी थोरल्यांनी जात वाचवायला घडा लवंडला, ते मधले तिकडे ख्रिस्ताच्या देवळासाठी अंडी फोडत बसले असतील, हे चित्र मला काही केल्या डोळ्यांपुढून घालवता येत नाही. आत्याला मी हे सांगितलेलं नाही. तिला नारळाच्या पाण्यापर्यंतच सांगितलं.

पण मला आपलं वाटतं, अंडी फोडायची वेळ त्यांच्यावर आली नसेल. लिहिता येणाऱ्या कैद्याला कुठलाही तुरुंग कुदळ देत नाही. ठाणेसरचे मौलवी जाफर अंदमानात १८६६ साली पोचले. मूळचे अर्जनवीस, तिथेही लेखणीच हाती आली, आणि १८८३ साली परत येऊन त्यांनी आपली हकिगत लिहिली. मधले तर हजेरीपटातच वाढलेले. सिंगापूरच्या तुरुंगात रोज संध्याकाळी माणसं मोजून हजेरी मांडणारा कुणी तरी बसत असेलच, आणि त्याची उंची ५ फूट ४ इंच असायला माझी हरकत नाही. १८७३ साली तो तुरुंग मोडला, उरलेसुरले कैदी अंदमानला हलवले. सुटलेले पुष्कळ तिथेच राहिले. कुणी गाई पाळल्या, कुणी गाड्या हाकल्या, कुणी तिथल्याच बायका केल्या.

गंमत म्हणजे हा जमाखर्च दोन्ही बाजूंनी चाले. आपले कैदी तिकडे पाठवायचे, तसे तिकडचे चिनी आणि मलायी कैदी इकडे आणायचे. महाबळेश्वरला १८३४ पासून १८६४ पर्यंत अशांचा तुरुंग होता. बटाटे, भाज्या पिकवून ते गोऱ्या साहेबांना पुरवत. आमच्या भाषेत शाखांतर्गत हस्तांतर. मागच्या मे महिन्यात सहकुटुंब महाबळेश्वरला गेलो. बायकोनं बटाटेवडे मागवले. मला तो वडा घशाखाली उतरेना. चीनमध्ये कुठे तरी एखाद्या घरी एक कोरं पान असेल, आणि त्यांचा मधला इथे ह्या लाल मातीत कुठे तरी असेल. "बटाटा कच्चा आहे का?" बायकोनं विचारलं. म्हटलं, "नाही, जुना आहे."

बेपत्ता होणं हेसुद्धा थोरामोठ्यांनी करावं. रंगो बापूजी साताऱ्याच्या राजाचे वकील म्हणून लंडनला जाऊन चौदा वर्षं भांडले, १८५७ साली जे नाहीसे झाले ते झालेच. त्यांच्यावर पुस्तकं आहेत. नानासाहेब पेशवे नेपाळच्या जंगलात दिसेनासे झाले, तर १८७४ साली शिंद्यांनी ग्वाल्हेरला एक भलताच नानासाहेब धरून इंग्रजांच्या हवाली केला. सदाशिवरावभाऊंचा तोतया तर पुण्याचा दरबार हलवून गेला. आमच्या मधल्यांचा तोतयासुद्धा कुणी आला नाही. दारात कुणी म्हातारा येऊन "मी मधला" म्हणाला असता, तर थोरल्यांनी त्याला काय केलं असतं, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. बहुधा पाणी शेंदायला पाठवलं असतं.

बेपत्ता माणसाचं करायचं काय, ह्याबद्दल आपल्याकडे एकमत नाही. कायदा म्हणतो, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं धरावं. बँकेत दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ठेव उचलून रिझर्व्ह बँकेच्या निधीत टाकतात, २०१४ पासूनचा नियम आहे. पण वारस आला तर परत देतात, म्हणजे बँक त्या बाबतीत कायद्यापेक्षा आशावादी. शास्त्र म्हणतं, बारा वर्षं वाट बघा. मग पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या. हे सगळं मी तोंडपाठ केलं, पण मधल्यांचा यांपैकी कुठला विधी झाला हे कुणालाच सांगता येईना.

गेल्या वर्षी मामांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेलो होतो. विधी आटोपला, उपाध्यायांनी मामांच्या घराण्याची नामावळ काढली, मामेभावानं नोंद केली. मग उपाध्याय माझ्याकडे वळले. "आपलं आडनाव? मूळ गाव?" सांगितलं. ते म्हणाले, "कोल्हापूरकडची चोपडी आमच्याकडे नाही, दोन घरं सोडून आहेत त्यांच्याकडे." तिथे एक पोरगा आत जाऊन लाल फडक्यात बांधलेली लांबलचक वही घेऊन आला. मुंबईला मी चार दिवस घालवले होते. इथे दहा मिनिटं लागली.

पान मोडीत होतं. उपाध्यायांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत वाचू लागले. शके १७७८. मी मनात बेरीज केली, म्हणजे १८५६. बंडाला बारा वर्षं झालेली. थोरले त्या साली नाशिकला आले होते, ते कशाला आले असतील ते मला न सांगताच कळलं.

"हे तीर्थरूपांचं नाव, कैलासवासी. ही मातोश्री, कैलासवासी. बंधू तीन." उपाध्याय थांबले. "पहिलं लिहिणाराचं स्वतःचं. मग हे मधले."

आणि त्यांनी नाव वाचलं.

मी बाहेर ओट्यावर येऊन आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, मधल्यांचं नाव सापडलं. आमच्या बाबांचं नाव तेच मधल्यांचं!"

"मग?" आत्या म्हणाली. "दादाचं नाव कुणावरून ठेवलंय असं वाटत होतं तुला?"

"म्हणजे तुला माहीत होतं? मी चार दिवस रजा टाकून मुंबईला डोळे फोडले!"

"नाव घ्यायचं नाही असं मी सांगितलं होतं. माहीत नाही असं कधी म्हटलं? तू विचारलंस का?"

बाबांना ती सत्तर वर्षं त्या नावानं हाका मारत आली होती. मी परत आत गेलो. उपाध्याय तसेच बोट ठेवून बसले होते. मधल्यांच्या नावापुढे मोडीत दोनच शब्द होते, ते त्यांनी मला फोड करून दाखवले. "द्वीपांतरीं आहेत." आहेत. होते नाही. अक्षर थोरल्यांचं. घडा लवंडणाऱ्या त्याच पायाच्या मालकाचं.

"पुतळाविधीची नोंद?" मी विचारलं.

त्यांनी पान उलटलं, परत उलटलं. "नाही बुवा. तीर्थश्राद्ध आईवडिलांचं केलेलं दिसतंय. ह्यांचं काही नाही."

मग मी खालच्या कोऱ्या जागेत आमच्या शाखेची नावं लिहिली. आजोबांच्या पुढे कै., बाबांच्या पुढे कै. सही केली, तारीख घातली. उपाध्यायांनी वही आपल्याकडे ओढली, पेन हातात घेतलं आणि वरच्या त्या ओळीशी नेऊन थांबले.

"ह्यांच्यापुढे कै. घालून टाकू का आता? इतकी वर्षं झाली."

"नको," मी म्हटलं, "दाखला आल्याशिवाय आम्ही नोंद करत नाही."